वाळवंटाला वाळूच लागते असं नाही
गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी इस्रोच्या २०१६ च्या ॲटलासमध्ये निम्म्याहून जास्त जमीन खराब झालेल्या राज्यांत राजस्थानसोबत गोवाही आहे! कसा? डिचोलीत शिरगावला जाऊन बघा. खाण भूजलाच्या खाली गेली, विहिरी आटल्या. डंपची माती पावसात वाहून शेतात बसली. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला ८८ लीज रद्द केल्या, पण शेतातला गाळ कोण काढणार? सीमेपलीकडे दोडामार्गात, कळण्याला २०२१ ला खाणीचा बांध फुटून चिखल बागायतीत घुसला. जखम एकच, सरकारं दोन. आता लिलाव करून पुन्हा खाणी! आधी शेत साफ करा, विहिरीला पाणी आणा, मग लीजचं बोला. जमीनच मेली तर आपण हक्क कशावर सांगायचा?