लाल शिक्क्यांची वही

पहिलं पान तोक्योतल्या सेन्सोजी मंदिरातलं आहे. मला तोक्योत राहायला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मुख्य मंदिराच्या पश्चिमेला एक वेगळी इमारत आहे, तिथल्या खिडकीपाशी वही उघडून द्यायची आणि थांबायचं. आतल्या माणसाने पानावर लाल शिक्के उठवले, कुंचला शाईत बुडवून कान्नोनचं, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचं, नाव पानभर लिहिलं, कडेला तारीख घातली, शाई समोरच्या पानाला लागू नये म्हणून मध्ये पातळ कागद ठेवला आणि दोन्ही हातांनी वही परत दिली. दोन-तीन मिनिटांचं काम. पण त्या दिवशीचा पाऊस, ओली छत्री ठेवायला शोधलेली जागा, माझ्यामागे उभ्या असलेल्या आजोबांचा खोकला, सगळं मला अजून त्या पानावर दिसतं.

याला गोशुइन म्हणतात. ‘शुइन’ म्हणजे शेंदरी लाल शिक्का, ‘गो’ हे आदरार्थी. त्यासाठी मिळणारी वही एकाच लांब कागदाच्या घड्या घालून केलेली असते, पूर्ण उलगडली तर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाईल. एका पानाचे पूर्वी ३०० येन घेत, आता बऱ्याच ठिकाणी ५०० घेतात.

त्याआधीही मी वस्तू जमवत होतेच. हात वर केलेली मांजरं, पंखे, फ्रिजवर लावायची चित्रं. ती तोक्योत मिळतात, क्योतोत मिळतात आणि विमानतळावरही मिळतात. वर्षभरात कुठली कुठे घेतली हे आठवेनासं झालं. माझ्या मुलाची निवड माझ्यापेक्षा चांगली होती. तो रेल्वे स्टेशनांवरचे शिक्के जमवायचा. तिथल्या अनेक स्टेशनांवर त्या गावाचं चित्र कोरलेला रबरी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते, कुणीही यावं आणि आपल्या वहीत उठवून घ्यावा, फुकट. १९३१ साली फुकुई स्टेशनात ही पद्धत सुरू झाली. त्या शिक्क्यासाठी आम्ही कितीतरी स्टेशनांवर उगाच उतरलो, आणि ती सगळी गावं त्याला आजही नावानिशी आठवतात.

गोशुइनचं मूळ मला पुढे कळलं. लोक बौद्ध सूत्रं स्वतःच्या हाताने लिहून काढून मंदिरात अर्पण करत, आणि मंदिर त्याची पोच म्हणून शिक्का देई. हे ऐकलं आणि मला माझी आजी आठवली. दुपारची झाकपाक झाली की ती रामनामाची वही घेऊन बसायची. लाल शाई, बारीक चौकोन, प्रत्येक चौकोनात एक नाव. वही भरली की देवळात नेऊन द्यायची आणि दुसरी सुरू करायची. तिला कुणी कधी पोच दिली नाही. तिची शेवटची वही अर्धी राहिली, ती आईने देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे.

शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची यात्रा आहे, कोबो दाइशी या आचार्यांच्या नावाने चालणारी. पायी केली तर सुमारे १,२०० किलोमीटर. पहिलं मंदिर र्योझेनजी. ‘र्योझेन’ म्हणजे राजगीरचा गृध्रकूट, जिथे बुद्धाने उपदेश केला तो डोंगर. या मंदिराच्या नावाआधी लागणाऱ्या उपाधीतही एक अक्षर भारत दाखवणारं आणि एक जपान दाखवणारं आहे. तिथे खिडकीतल्या बाईंनी कुंचला टेकवला आणि सर्वांत वर एक अक्षर काढलं, ते जपानी नव्हतं. उजवीकडे एकाखाली एक दोन ठिपके. विसर्ग! मी विचारलं, त्या म्हणाल्या, ‘बाकु’. शाक्यमुनींचं बीजाक्षर, ‘भः’. ही सिद्धम् लिपी. ती आणि आपली देवनागरी, दोघींचं मूळ ब्राह्मीत. बाराशे वर्षांपूर्वी भिक्षूंनी चीनमधून नेलेलं हे अक्षर त्या बाई रोज कितीतरी वेळा लिहितात, आणि मी चार हजार मैलांवर उभी राहून ते वाचत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी काही विचारलं नाही, पातळ कागद ठेवून वही माझ्याकडे वळवली.

गोशुइन लिहून घेण्यात त्या ठिकाणी आपण उभं असणं आलं. म्हणूनच काही जण हे कागद इंटरनेटवर विकतात ते मला सहन होत नाही. १ मे २०१९ला रेइवा हे नवं राजयुग सुरू झालं, त्या तारखेच्या गोशुइनसाठी लोक कित्येक तास रांगेत उभे होते, आणि लगेच ते कागद विक्रीला निघाले. दुसऱ्याच्या दर्शनाची तारीख घरी ठेवून काय करायचं?

आम्ही तोक्योतल्या निशिकासाईत राहायचो. आमच्या शेजारच्या आजींनी एकदा चहाला बोलावून त्यांची शिकोकूची वही दाखवली. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी ती यात्रा तीनदा केली होती. दुसऱ्यांदा गेलं की तिथे नवं पान लिहीत नाहीत, त्याच पानावर पुन्हा शिक्का मारतात. त्यांच्या पानांवर लाल इतकं दाट झालं होतं की काळी अक्षरं मागे गेली होती. तिसऱ्या खेपेला यजमान थकले होते, प्रत्येक पायरीवर थांबत होते, असं त्या पान उलटता उलटता सांगत होत्या. मग वही रेशमी कापडात गुंडाळत म्हणाल्या, ‘लेकीला सांगून ठेवलंय. ही माझ्याबरोबर शवपेटीत ठेवायची.’ तिकडे तशी रीतच आहे.

मला ८८ काही झाली नाहीत. एका दिवसात पहिली पाच केली, साधारण ११ किलोमीटर चालले, आणि त्याच वर्षी बदलीचं पत्र आलं. पुण्याला परत आल्यावर आईने माझी शिकोकूची वेगळी वही चाळली. पाच पानं लिहिलेली, ८३ कोरी, प्रत्येकावर त्या त्या मंदिराचं नाव मात्र आधीच छापलेलं. ‘भः’वर तिने बराच वेळ बोट ठेवलं होतं. मग काही न बोलता उठली आणि देव्हाऱ्याच्या खणात, आजीच्या अर्ध्या वहीवर, ती ठेवून आली.