छंद सांगायचा की झाकायचा?

रेझ्युमेमधल्या ‘हॉबीज’च्या रकान्यात आपण काय लिहितो? वाचन, प्रवास, गाणी ऐकणं. वर्षभरात पुस्तकाला हात लावलेला नसला, तरीही! आणि जो मुलगा रात्री-अपरात्री फोन आला की साप सोडवायला धावतो किंवा पायात चाळ बांधून लावणी करतो, तो मात्र नेमकं तेवढंच लिहायचं टाळतो. का? तर ऑफिसात लोक काय म्हणतील!

ही भीती अगदीच खोटी नाही. ऑफिसला सगळे छंद सारखे नसतात. मॅरेथॉन पळणारा शिस्तीचा ठरतो, वीकेंडला गड चढणारा ‘फिट’. पुण्यात तर ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाणाऱ्या मुलीचंही कौतुक होतं. पण मुलगा लावणी करतो म्हटलं, की कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू. त्याच मुलाने सालसा केला असता, तर अ‍ॅन्युअल डेला पहिलं नाव त्याचंच! म्हणजे छंद विचित्र नसतो. तो ‘कुणाला शोभतो’ याचे आपले हिशेब विचित्र असतात.

दुसरी भीती नोकरीची. २०२२मध्ये आयटीत ‘मूनलायटिंग’वरून रण पेटलं होतं. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या ३०० जणांना विप्रोने घरी बसवलं. इन्फोसिसने आधी दुहेरी नोकरीबद्दल तंबी दिली, नंतर वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीने बाहेरची छोटी कामं करायला मुभा दिली. स्विगीने तर कामाच्या वेळेबाहेरच्या प्रोजेक्ट्ससाठी धोरणच जाहीर केलं. वाद छंदाचा नव्हता, दुसऱ्या कामाचा होता. पण रीलला स्पॉन्सर मिळाला किंवा स्टँड-अपचं मानधन आलं, की ही रेष पुसट होते. म्हणून ऑफर लेटरमधलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम सही करण्याआधी वाचा. पैसे येणार असतील, तर परवानगी लेखी घ्या.

पैशांचा संबंध नसेल, तर सांगायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्या हातात. निदान असायला हवं! इन्स्टाच्या जमान्यात एखादा कलीग तुमचं अकाउंट शोधून काढतोच. आपण सांगितलेली गोष्ट ओळख बनते, दुसऱ्याने शोधलेली गोष्ट गॉसिप. त्यामुळे पहिले काही महिने माणसं बघा, विश्वासाच्या एखाद्याला सांगा, मग ठरवा. नाही सांगावंसं वाटलं, तरी त्यात खोटेपणा काही नाही. ऑफिसने आपले आठ-नऊ तास घेतलेत, अख्खा माणूस नाही.

आणि हो, उद्या तुम्हीही कुणाचे तरी कलीग असणार आहात. शेजारच्या डेस्कवरच्या मुलाचा लावणीचा व्हिडिओ सापडला, तर तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकण्याआधी अंगठा जरा थांबवा. त्याने तो का लपवला, याचं उत्तर कदाचित आपल्याच ‘हाहा’ इमोजीत असेल.