पांघरूण कुणाच्या मापाचं?

दिवाळीचा फराळ संपता संपता पहाटेचा गारवा जाणवू लागतो आणि माळ्यावरची, पलंगाच्या पेटीतली पांघरुणं बाहेर निघतात. झटकली जातात, डांबराच्या गोळ्यांचा वास उडेपर्यंत गॅलरीत लोंबतात. याच सुमारास घरात हिशेब सुरू होतो. धाकट्याचे पाय यंदा दुलईबाहेर येताहेत, आजोबांची रजई विरली आहे आणि नव्या डबलबेडसाठी एखादं मोठं पांघरूण घ्यायचं राहूनच गेलं आहे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, 'सिंगल की डबल?' आपण 'डबल' म्हणून मोकळे होतो. मग रंग, नक्षी आणि भाव यांवर अर्धा तास घासाघीस होते. मापावर मात्र अर्धं मिनिटसुद्धा जात नाही.

त्या अर्ध्या मिनिटाची वसुली होते जानेवारीतल्या एखाद्या रात्री तीन वाजता. नवऱ्यानं कूस बदलली की रजई त्याच्याबरोबर जाते. बायको ती झोपेतच ओढते, थोड्या वेळानं ती पुन्हा जाते. बहुतेक घरांत ही ओढाताण फार वेळ चालत नाही. दोघांपैकी एक माणूस गुपचूप उठतं, कपाटातली जुनी शाल काढतं आणि पलंगाच्या कडेला मुटकुळं करून पडतं. ते माणूस कोण, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नकोच! मुलांना पुरेसं, सासूबाईंना उबदार, पाहुण्यांना नवं कोरं, आणि उरेल ते आपल्याला, अशी वाटणी आपल्याकडे पांघरुणांच्या बाबतीतही होते. सकाळी अंग आंबलेलं, डोकं जड. दोष दिला जातो थंडीला.

खरी गोम अशी, की आपण पांघरुणाचं माप पलंगावरून ठरवतो. पलंगपोस पलंगासाठी असतो, त्याचं माप पलंगावरून घेणं ठीकच. पांघरूण घ्यायचं असतं माणसासाठी. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण खर्चाच्या बाबतीत सोळा आणे खरी. पण रजई घेताना आधी पाय पसरावेत आणि मगच माप घ्यावं.

आपल्याकडच्या बाजारातली मापं साधारण ठरलेली आहेत. एकेरी रजई ६० × ९० इंच, म्हणजे पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब. दुहेरी ९० × १०० किंवा ९० × १०८ इंच. तीन फुटी पलंगावर एकट्या माणसासाठी साठ इंची रजई घेतली तर दोन्ही बाजूंना एकेक फूट उरतं. ते भरपूर झालं. पाच फुटी पलंगावर नव्वद इंची रजई दोन्हीकडे सव्वा-सव्वा फूट खाली येते. तिथंही फारशी तक्रार नाही. अडचण सुरू होते ती सहा फुटी पलंगावर, आणि आजकाल नव्या फ्लॅटमध्ये बहुधा तोच असतो. सहा फूट म्हणजे ७२ इंच. रजई ९० इंच. दोन्हीकडे उरले नऊ-नऊ इंच. त्यातले सहा इंच गादीच्या जाडीनंच खाल्ले. स्प्रिंगची आठ इंची गादी असेल, तर हातात राहतो एक इंच! हा हिशेब रिकाम्या पलंगाचा आहे. त्यावर दोन माणसं कुशीवर झोपली, की दोघांच्या खांद्यांवरून जाताना कापड वर चढतं आणि कडेचा तो एक इंचही आत येतो. मग कडेला झोपलेल्याच्या पाठीशी जी फट पडते, तिच्यातून रात्रभर गार वारा आत शिरतो. रजई कितीही जाड असली तरी त्या फटीपुढे तिचं काही चालत नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी एक साधी गोष्ट करावी. नेहमी झोपतात तसं दोघांनी पलंगावर झोपावं. एखाद्या मुलाला हाताशी घ्यावं; हे काम मुलं हौसेनं करतात. शिंप्याची फीत साठ इंचांवर संपते, तेव्हा सुतळी बरी. सुतळीचं एक टोक गादीच्या एका कडेला धरायचं आणि दोघांच्या अंगावरून सैलसर नेत दुसऱ्या कडेपर्यंत आणायचं. जितकी सुतळी लागेल ती मोजायची. त्यात दोन्ही बाजूंची गादीची जाडी आणि वर तीन-तीन, चार-चार इंच मिळवायचे. हे झालं तुमच्या रजईच्या रुंदीचं माप. अंगानं भारी माणसांच्या घरात आकडा वेगळा येईल, सडपातळ जोडप्याचा वेगळा. लांबीचं गणित सोपं आहे. घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या उंचीत दीड फूट मिळवला, की पायाखाली खोचायला आणि कानापर्यंत ओढायला पुरेसं होतं. सहा फुटी माणसालासुद्धा नव्वद इंच पुरतात.

इथंच एक युक्ती दडलेली आहे. लांबीला नव्वद इंच पुरत असतील, तर ९० × १०८ ची रजई आडवी का घालू नये? रुंदी १०८ इंच झाली, दोन्हीकडे दीड-दीड फूट मिळाला, भांडण मिटलं. ९० × १०० ची असली तरी चौदा-चौदा इंच मिळतात. नक्षी आडवी दिसते खरी. जयपुरी रजईवरचे मोर रात्रभर आडवे झोपले तर त्यांची काही तक्रार नसते. सकाळी घडी घालून ठेवली की पाहुण्यांनाही पत्ता लागत नाही.

त्याहून सरळ उपाय म्हणजे एका पलंगावर दोन एकेरी रजया. आपल्याकडे हे सुचवलं की भुवया उंचावतात. नव्या जोडप्याच्या खोलीत दोन वेगळी पांघरुणं म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असा समज. जर्मनीत मात्र डबलबेडवर दोन स्वतंत्र दुलया असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, डेन्मार्क-स्वीडनकडेही तसंच. तिथल्या जोडप्यांचे संसार काही त्यामुळे मोडत नाहीत. एकाला पंखा हवा आणि दुसऱ्याला रजई, असा वाद ज्या घरात आहे, तिथं तर याला तोड नाही. एकानं जाड रजई घ्यावी, दुसऱ्यानं मलमलचं दोहर. शिवाय एक जण पहाटे पाचला पाण्यासाठी किंवा पाळीसाठी उठला, तर दुसऱ्याच्या अंगावरचं पांघरूण हलत नाही.

आणि परदेशाचा दाखला तरी कशाला हवा? आपल्या गोधडीचं मूळ मापच एका माणसाचं होतं. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या, की पावणेसात फूट लांबी येते. एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरेल अशी! रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी. पन्हा जोडून मोठी वाकळ करत, तिच्यात दोन-तीन पोरं मावत. पण मोठ्या माणसाची गोधडी ज्याची त्याची. आजीची गोधडी आजीनंच घ्यायची, हा नियम मायेचा होताच, शिवाय तो झोपेच्या सोयीचाही होता.

दुकानातल्या नावांवर फार विसंबू नये. सिंगल, डबल, क्वीन, किंग ही नावं सगळीकडे एकाच मापाची असतात असं नाही. एकाचं डबल ते दुसऱ्याचं क्वीन. वेष्टनावरचे इंच किंवा सेंटिमीटर वाचावेत, आणि शंका आली तर घडी उलगडून मोजून घ्यावी. त्यात संकोच कसला? ज्यांची मुलं परदेशी आहेत, त्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं. लेक मोठ्या प्रेमानं लंडनहून दुलईची सुंदर खोळ आणते आणि ती इथल्या रजईला होतच नाही. आपली एकेरी रजई सेंटिमीटरमध्ये सुमारे १५२ × २२८ भरते. ब्रिटनमधली एकेरी दुलई १३५ × २०० ची, जर्मनीतलं नेहमीचं मापही तेवढंच. त्यांची किंग साधारण २२५ × २२० ची असते. म्हणजे आपल्या ९० × १०० च्या रजईपेक्षा लांबीला फूटभराहून अधिक आखूड. तेव्हा तिकडून खोळ मागवायची तर आधी आपल्या रजईचं माप कळवावं, किंवा खोळ आणि दुलई दोन्ही तिकडचीच घ्यावी.

मापाबरोबर वजनही पाहायला हवं, कारण इथं फसगत हमखास होते. ६० × ९० ची रजई आणि ९० × १०० ची रजई यांचं क्षेत्रफळ काढलं, तर मोठी लहानीच्या एक पूर्णांक दोन तृतीयांश पट भरते. एकेरीत दोन किलो कापूस असेल, तर तेवढीच ऊब मिळण्यासाठी दुहेरीत सव्वातीन किलोंहून जास्त हवा. दुहेरी रजईत अडीच किलोच घातला असेल तर ती दिसायला मोठी, पण ऊब पातळ. दारावर येणाऱ्या पिंजाऱ्याच्या तातीचा तो टणटण आवाज आता क्वचितच ऐकू येतो, पण गादीवाल्याच्या दुकानात अजूनही समोर कापूस तोलून घेता येतो. जरूर घ्यावा. तयार कम्फर्टरवर जीएसएम असा आकडा असतो. एका चौरस मीटरला किती ग्रॅम भरण आहे, ते तो सांगतो. दोनशे जीएसएमच्या एकेरी कम्फर्टरमध्ये सुमारे सातशे ग्रॅम भरण असतं, दुहेरीत साडेअकराशेच्या आसपास. आकार बदलला तरी हा आकडा तुलनेला उपयोगी पडतो.

ऊब देतो तो कापसात अडकलेला हवेचा थर. कापूस दबला की हवा गेली आणि उबही गेली. वजन मात्र तेवढंच राहिलं. म्हणून तर रजई पुन्हा पिंजून घ्यावी लागते आणि अधूनमधून उन्हात टाकावी लागते. पाव किलो कापसाची जयपुरी रजई पुण्या-नाशिकच्या थंडीत भागवून नेते, तेही याच कारणानं: कापूस बारीक पिंजलेला आणि टाके जवळजवळ. अर्थात ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आणि दिल्लीच्या मराठी घरांत तेवढ्यावर भागणार नाही. तिथं जाड रजई हवीच.

खोळीबद्दल एवढंच, की ती रजईएवढी किंवा तिच्यापेक्षा इंचभर लहान असावी. मोठी खोळ घेतली की आतली रजई एका कोपऱ्यात गोळा होते आणि उरलेल्या अंगावर नुसतं कापड राहतं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शंभर इंचांत तीन ते पाच इंच सहज जातात. शिवून घेणार असाल, तर कापड आधी भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावं. आतून चारही कोपऱ्यांना बंद लावून घ्यावेत आणि रजईच्या कोपऱ्यांना बांधावेत.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र 'मोठं ते चांगलं' हा हिशेब चालत नाही. पाच किलोंची रजई पायाच्या बोटांवर पडली, की सांधे दुखणाऱ्या माणसाला ती ओझं होते. रात्री लघवीला उठताना ती बाजूला सारता येत नाही. खाली लोंबणाऱ्या कडेत पाय अडकला तर पडण्याची भीती, आणि त्या वयातलं पडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. त्यांना एकेरी, हलकी, जमिनीपासून चांगली वीतभर वर राहील अशी रजई द्यावी. थंडी फार असेल तर एका जाड रजईऐवजी दोन पातळ पांघरुणं द्यावीत; नकोसं झालं की वरचं काढता येतं.

आणि वर्षाच्या आतलं बाळ? त्याला रजई नकोच. आई-वडिलांच्या मोठ्या रजईत तर अजिबात घेऊ नये. तोंडावर आलेलं पांघरूण तान्ह्याला दूर सारता येत नाही, श्वास कोंडतो, अंग वाजवीपेक्षा तापतं. बालरोगतज्ज्ञ याबाबत अगदी स्पष्ट बोलतात. बाळाला अंगभर कपड्यांचे थर घालावेत आणि पाठीवर, मोकळ्या सपाट गादीवर वेगळं झोपवावं. गोधडी कितीही आजीच्या हातची असली तरी ती बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत घडी करून ठेवावी.

घरात आधीच आखूड रजई असेल तर ती टाकून द्यायचं कारण नाही. पायाकडच्या बाजूला जाड सुती कापडाची फूटभर रुंद पट्टी जोडून घ्यावी. ही पट्टी ऊब देत नाही, तिचं काम गादीखाली खोचलं जाण्याचं. ती खोचली, की वरचा सगळा कापूस माणसाच्या अंगावर राहतो. रुंदी कमी पडत असेल तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचांच्या पट्ट्या लावाव्यात. जुन्या सोलापुरी चादरीचं कापड यासाठी उत्तम; जाड असतं, घसरत नाही आणि धुतलेलं असल्यामुळे आणखी आटत नाही.