गल्ला भरलेला, पण गिऱ्हाईक दुखावलेलं!



आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. एक धंदा आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात त्याची उलाढाल झाली ६६ कोटी ६५ लाख पाउंड, म्हणजे आपले सात हजार कोटी रुपयांहून जास्त. त्या धंद्याच्या इतिहासातली ही सर्वात मोठी उलाढाल! जाहिरातदारांकडून आलेला पैसा विक्रमी, तिकीटखिडकीवरचा पैसाही विक्रमी. आता मला सांगा, या धंद्याचं गिऱ्हाईक खूश असेल की नाराज?

तुम्ही म्हणाल, "सर, हा काय प्रश्न झाला? खूश असल्याशिवाय कोणी पैसे देतं का?"

देतं. त्या धंद्याचं नाव आहे मँचेस्टर युनायटेड. ज्या वर्षी गल्ल्यात विक्रमी पैसा आला, त्याच वर्षी हा संघ प्रीमियर लीगच्या २० संघांत १५ वा आला. ३८ पैकी १८ सामने हरला. १९७४ मध्ये हा क्लब खालच्या विभागात ढकलला गेला होता, त्यानंतरचा हा सर्वात वाईट हंगाम. मे महिन्यात युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमविरुद्ध १-० अशी गेली. त्यानंतर ऑगस्टमध्ये ग्रिम्स्बी टाऊन नावाच्या चौथ्या पातळीवरच्या छोट्या क्लबने पेनल्टीवर हरवून लीग कपमधून घरी पाठवलं. आणि एवढी उलाढाल होऊनही वर्षाअखेरीला हिशेब लागला तो ३ कोटी ३० लाख पाउंड तोट्याचा.

फुटबॉल बघत नसाल तरी पुढे वाचा. कारण हा विषय तुमच्या दुकानाचा आहे.

हरल्याचं दुःख वेगळं, गृहीत धरल्याचं वेगळं

हा क्लब १८७८ साली रेल्वेच्या कामगारांनी सुरू केला. १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात त्याचे आठ खेळाडू गेले. दहा वर्षांत तो पुन्हा उभा राहिला आणि १९६८ ला युरोपियन कप जिंकला. पुढे सर अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ मॅनेजर होते, त्या काळात १३ वेळा लीग जिंकली. त्या दिवसांत आपल्याकडच्याही हजारो पोरांनी केबलवर हे सामने बघितले आणि लाल जर्सी घेतली. आज ती पोरं चाळिशीला आली. जर्सी अजून कपाटात आहे.

माझ्या एका बॅचमध्ये असाच एक मुलगा होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. सामना रात्री उशिरा असला तरी जागून बघतो आणि सकाळी शटर वर करतो. मी त्याला विचारलं, "इतकं हरतात, तरी का बघतोस?" तो म्हणाला, "सर, हरायची सवय झाली. पण आम्ही दुसरीकडे कुठे जाणार नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे ना, त्याचा राग येतो."

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. पराभवाने समर्थक तुटत नाही. इंग्लंडमधलाच सुंदरलँड क्लब बघा. २०१७ ला एक पायरी खाली आला, २०१८ ला आणखी एक. थेट तिसऱ्या पातळीवर. त्या तिसऱ्या पातळीवरही २६ डिसेंबर २०१८ च्या सामन्याला ४६,०३९ माणसं मैदानात आली होती. हा क्लब २०२२ ला एक पायरी वर चढला आणि २०२५ ला प्रीमियर लीगमध्ये परतला. पडत्या काळात लोकांनी साथ दिली, म्हणून सावरायला वेळ मिळाला.

म्हणजे गिऱ्हाईक वाईट दिवस सहन करतं. गृहीत धरलेलं मात्र त्याला लागतं.

६६ पाउंडांचं तिकीट आणि बंद झालेलं जेवण

२०२४ च्या अखेरीस, हंगाम निम्माही झाला नव्हता तेव्हा, युनायटेडने उरलेल्या सामन्यांच्या मेंबर तिकिटांचा दर सरसकट ६६ पाउंड केला. जवळजवळ सात हजार रुपये. लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक, कोणालाही सवलत नाही. त्याआधी मुलांचं तिकीट २५ पाउंडांपासून मिळायचं. आता बघा, संघ हरतोय, छप्पर गळतंय (मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून अक्षरशः धबधबा कोसळला होता), आणि भाव वाढतोय. तोही पोराला सोबत घेऊन येणाऱ्या बापासाठी सर्वात जास्त!

खर्चकपातही जोरात झाली. शेकडो कर्मचारी कमी केले. ओल्ड ट्रॅफर्डवर काम करणाऱ्यांचं फुकट जेवण बंद केलं. दुसऱ्या बाजूला काय? एरिक टेन हाग या मॅनेजरचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यालाच काढलं. जुलैमध्ये आणलेला क्रीडा संचालक डिसेंबरमध्ये गेला. ही माणसं आणि त्यांचे सहकारी यांना निरोप देताना १ कोटी ४५ लाख पाउंड खर्ची पडले. दीडशे कोटी रुपयांच्या वर! ताटातली भाकरी वाचवली आणि पोतं उंदरांना सोडलं.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. क्लब सलग काही वर्षं तोट्यात होता, खर्चाला लगाम घालणं भागच होतं. पण मुळात २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने हा क्लब घेतला तो मोठं कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा बोजा क्लबवरच टाकला. त्याआधी क्लब कर्जमुक्त होता. समर्थकाला हेच सलतं. कर्ज मालकाने काढलं, चुकीची माणसं मालकाने निवडली, आणि वाढीव तिकीट मात्र मी घ्यायचं? इंग्लंडमधल्या समर्थकांच्या संघटनेने तिकीटदरांविरुद्ध मोहीम काढली, तिचं घोषवाक्यच होतं, 'निष्ठेची पिळवणूक थांबवा'.

'ग्राहकाला फॅन बनवा' हा सल्ला मला का पटत नाही

आमच्या ट्रेनिंगच्या क्षेत्रात एक वाक्य फार चालतं. "ग्राहक नको, फॅन बनवा!" टाळ्या मिळतात. माझं मत वेगळं आहे. ज्या धंद्याचे सगळे ग्राहक खरोखरच फॅन आहेत, असा धंदा कसा चालतो ते वर बघितलंत. फॅन सोडून जात नाही म्हणून मालकाला इशारा मिळत नाही. पैसा येत राहतो, आणि पैसा येतोय म्हणजे सगळं बरोबर आहे असं वाटू लागतं.

अल्बर्ट हर्शमन नावाचे अर्थतज्ज्ञ होते. १९७० साली 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या पुस्तकात त्यांनी फार कामाची गोष्ट मांडली. नाराज ग्राहकापुढे दोन रस्ते असतात. निघून जाणं किंवा तोंड उघडणं. ज्याला आपुलकी आहे तो लगेच निघून जात नाही, आधी बोलून बघतो.

युनायटेडच्या समर्थकांनी दोन्ही केलं. ९ मार्च २०२५ ला, आर्सेनलच्या सामन्याआधी, काळे कपडे घालून त्यांनी मोर्चा काढला. हे झालं बोलणं. आणि २००५ मध्येच काही जण सरळ उठले आणि एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. एक सभासद, एक मत. अगदी खालच्या पातळीपासून खेळायला सुरुवात केली, २०१५ ला स्वतःचं मैदानही उभारलं. हे झालं निघून जाणं. म्हणजे रक्तात क्लब भिनलेला माणूससुद्धा जातो. मग आपल्या दुकानातलं गिऱ्हाईक किती थांबेल? त्याला मोर्चा काढायचं कारणच नाही. समोरच्या गल्लीत दुसरं दुकान आहे!

तुमचा गल्ला किती महिने मागे चालतो?

मैदानावर सीझन तिकीट असतं. पैसे हंगामाच्या आधी भरायचे. जर्सीवरच्या जाहिरातीचे करार तर अनेक वर्षांचे. म्हणजे आज गल्ल्यात दिसणारा पैसा बऱ्याच अंशी जुन्या पुण्याईचा असतो. आजच्या खेळाचा परिणाम उद्या-परवा दिसणार.

आपल्याकडची मेस आठवा. महिन्याचं कार्ड, पैसे आगाऊ. पाच तारखेपासून आमटी पातळ झाली, पोळ्या गार यायला लागल्या, तरी तीस तारखेपर्यंत टेबलं भरलेली दिसणार. पैसे भरलेत ना! मेसवाल्याला वाटतं, बघा, कोणाची तक्रार नाही. खरा निकाल लागतो एक तारखेला, जेव्हा दहा पोरं कार्ड रिन्यू करायला येत नाहीत. आणि तेव्हा कारण विचारायला ती समोर नसतात.

प्रत्येक धंद्यात अशी एक 'तीस तारीख' असते. ब्युटी पार्लरच्या पॅकेजमध्ये असते, क्लासच्या वार्षिक फीमध्ये असते, जिमच्या मेंबरशिपमध्ये असते. किराणा दुकानात वही आहे म्हणून गिऱ्हाईक येतं. हिशेब चुकता झाला की ते मोकळं. तोपर्यंत गल्ला बघून निर्धास्त राहू नका.

मी निष्ठेकडे कसं बघतो, सांगू? आपण गिऱ्हाइकाला उधारी देतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जुनं गिऱ्हाईकही आपल्याला उधारी देत असतं, विश्वासाची. माल एकदा खराब निघाला, तरी ते परत येतं. डिलिव्हरीला उशीर झाला, तरी ऐकून घेतं. प्रत्येक वेळी त्याच्या वहीत आपल्या नावावर रक्कम चढते. उधारी वेळेत फेडली तर खातं वर्षानुवर्षं चालतं. नुसती वाढतच गेली तर एक दिवस ते वही मिटतं, आणि आपल्याला सांगतही नाही. सुंदरलँडने ती उधारी फेडली. मँचेस्टरचा समर्थक अजून वही उघडी ठेवून बसलाय, म्हणूनच इतका चिडलाय.

त्यामुळे काउंटरवर येऊन भांडणारं जुनं गिऱ्हाईक दिसलं की तोंड वाकडं करू नका. ते अजून तुमचं आहे. ज्याला तुमची पर्वा राहिली नाही, ते भांडायला येतच नाही.

या आठवड्याचं काम

१. तुमच्या सर्वात जुन्या दहा गिऱ्हाइकांची नावं लिहा. त्यातलं कोण गेल्या दोन महिन्यांत आलं नाही? त्यांना फोन करा. ऑफर सांगू नका, काही विकू नका. एवढंच विचारा, "आमच्याकडे काय कमी पडलं?" आणि मग गप्प राहून ऐका. बाजू मांडायची नाही.

२. गेल्या वर्षभरात तुम्ही खर्च कमी करायला जे तीन निर्णय घेतले ते लिहा. प्रत्येकासमोर लिहा, झळ कोणाला बसली? गिऱ्हाइकाला, कामगाराला की मालकाला? तिन्ही ठिकाणी मालकाचं नाव नसेल तर पुढची कपात स्वतःपासून करा.

३. भाव वाढवायचा असेल तर जरूर वाढवा, महागाई सगळ्यांना कळते. पण जुन्या गिऱ्हाइकाला आधी सांगा, कारण सांगा, आणि त्याच्यासाठी जुना दर महिनाभर तरी ठेवा. त्याला फलकावरून कळता कामा नये.

४. तुमच्या धंद्याची 'तीस तारीख' कोणती ते शोधा. रिन्यूअल, पुढची ऑर्डर, पुढची भेट, जे असेल ते. दर महिन्याला किती जण परत आले हा आकडा उलाढालीच्या शेजारी लिहायला लागा. उलाढाल वाढतेय आणि परत येणारे कमी होतायत, असं दिसलं तर धोक्याची घंटा वाजली समजा.

मँचेस्टर युनायटेड मोठा क्लब आहे, पन्नास वाईट निर्णय पचवूनही तो उभा राहू शकतो. आपण छोटे आहोत. आपल्याकडे दीडशे वर्षांची पुण्याई नाही, दहा-वीस-पन्नास जुनी गिऱ्हाइकं आहेत. मात्र एक गोष्ट आपल्याकडे आहे जी त्या क्लबच्या मालकांकडे नाही. आपण प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो आणि आज संध्याकाळी त्याला फोन करू शकतो.

पहिल्या फोनवर काय ऐकायला मिळालं ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. कडू असेल तर आधी लिहा!