मक्ता, इनाम आणि गायरान

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या चाकुरात लग्नसराई उलटली, तरी छायाचित्रकारांच्या दुकानांतील संगणक रात्री उशिरापर्यंत चालूच असतात. कारण हळदीपासून वरातीपर्यंतचे चित्रण जुळवून, त्याला शीर्षके व संगीत जोडून देण्याचे जे काम येथे ‘मिक्सिंग’ या नावाने ओळखले जाते, ते पेरण्या सुरू झाल्या तरी सरत नाही. व्यावसायिक सॉफ्टवेअर चांगले की फुकटचे, असा वाद या दुकानांतून वारंवार कानी येतो. माझ्या मते या वादाची मांडणीच सदोष आहे. साधन किती रुपयांचे, याआधी त्यावर आणि त्यातून निपजणाऱ्या कामावर हक्क कोणाचा, हे विचारले पाहिजे. आणि ज्या मराठवाड्यात कुळांच्या रक्षणार्थ १९५० साली स्वतंत्र हैदराबाद कुळवहिवाट कायदा करावा लागला, तेथे तरी हा भेद समजण्यास कठीण पडू नये.

ॲडोबी कंपनीचे ‘प्रीमियर’ हे चित्रण-संकलनाचे सॉफ्टवेअर १९९१ साली निघाले. त्याचा परवाना एकदा घेतला की तो घेणाऱ्याकडे राही. परंतु २०१३ मध्ये कंपनीने नव्या आवृत्त्यांची अशी कायमची विक्री बंद करून मुदतीच्या वर्गणीची पद्धत लावली. ही मक्त्याची जमीन झाली. खंड भरावा तोवर ती कसता येते. हप्ता थकला, की साधन बंद होते आणि त्या साधनात अर्धवट राहिलेली आपलीच कामे आपल्याला परकी होतात.

‘दा विंची रिझॉल्व्ह’ची गोष्ट निराळी. चित्रपटांच्या रंगसंस्कारासाठी धनाढ्य स्टुडिओंपुरती असलेली ही यंत्रणा २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने विकत घेतली, २०११ मध्ये तिची विनामूल्य आवृत्ती काढली आणि पुढे तीत संकलनाची सोयही वाढवत नेली. रंगकामात तिच्या तोडीचे दुसरे विनामूल्य साधन मला दिसत नाही. अंधाऱ्या मांडवातील चित्रणाचे कण पुसण्याची सोय मात्र सशुल्क आवृत्तीत आहे. तिची किंमत बरीच वर्षे सुमारे २९५ डॉलर असून ती एकदाच द्यावी लागते. तथापि रिझॉल्व्हला सशक्त ग्राफिक्स कार्ड लागते, ते आमच्याकडील जुन्या संगणकांत बहुधा नसते. शिवाय हे शेवटी इनाम आहे, आणि इनामाची सनद देणाऱ्याच्या मर्जीवर चालते.

मर्जी, मग ती देणाऱ्याची असो वा सरकारची, फिरली म्हणजे काय होते, हे आपण पाहिले आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, तीत टिकटॉकबरोबर चित्रफिती जुळवण्याचे ‘व्हिवाव्हिडिओ’ही होते. त्या बंदीच्या योग्यायोग्यतेत मी येथे शिरत नाही; परंतु मोबाइलवर हात बसलेल्या कितीतरी पोरांना आपले साधन एका आदेशासरशी पारखे झाले.

उरले गायरान. २००२ साली सुरू झालेले ‘केडेनलाइव्ह’ हे मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर कोणा एका मालकाचे नाही. जड चित्रणाच्या हलक्या प्रती करून जुन्या संगणकावरही ते काम चालवते, आणि त्यातील जुळणीची नोंद साध्या मजकुराच्या स्वरूपात राहत असल्याने ती उद्या दुसऱ्या कोणालाही वाचता येते. रंगकामात ते रिझॉल्व्हच्या मागे आहे, मधूनच बंदही पडते. हे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याचा एक गुण मात्र मराठी माणसाने विसरू नये. आमच्या घरातील एका लग्नाची चित्रफीत हाती आली, तेव्हा प्रारंभीच ‘आशीर्वाद’ या शब्दातील रफार गळून पडलेला आणि ‘विवाह’ मधील वेलांटी भलत्याच बाजूला गेलेली दिसली; वडीलधाऱ्या मंडळींनी कौतुकाने पाहावयाचे ते पहिलेच दृश्य मला वाचवेना. पुढे कळले, की प्रीमियरच्या अनेक आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो, आणि तो दुकानदाराला कोणी सांगितलाच नव्हता. केडेनलाइव्हमध्ये देवनागरी जोडाक्षरे अशा खटपटीवाचून उमटतात. आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे सुरेख टंकही कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

त्या दुकानातील प्रीमियरची प्रत ‘क्रॅक’ केलेली होती, हे वेगळे सांगावयास नको. हा प्रघात आपल्याकडे इतका रूढ झाला आहे, की त्यात गैर काही आहे, असेच कोणाला वाटत नाही. वस्तुतः कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमाखाली अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्याचा धंदा वाहिन्यांच्या वा चित्रपटांच्या कामावर चालतो, त्याने रीतसर परवाना घ्यावा; त्याला तो परवडतोही. मांडवातील मिक्सिंगला मात्र इनाम किंवा गायरान पुरेसे असताना, बेकायदा कब्जा करण्याचे कारणच राहत नाही. लाटव्हियातील ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडर या मुक्त साधनाने घडवला गेला आणि २०२५ साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, एवढे गायरानाच्या कसाविषयी पुरे.

ही सवय लहानपणीच लागावी, म्हणून माझा आग्रह शाळांपाशी आहे. आमच्याकडील वडवळ नागनाथच्या संजीवनी बेटावरील वनौषधींचे चित्रण एखाद्या मुलीने मोबाइलवर करून आणले, तर शिक्षकांनी तिला शाळेच्या संगणकावर मुक्त साधन उघडून द्यावे, त्याची प्रत घरी न्यावयास सांगावे, आणि ती पुढे शिकावयास लातूर-पुण्यास गेली, तरी ते काम तिला कोणाचाही हप्ता न भरता उघडता यावे.