पार्टचे पैसे, हाताचे पैसे

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी आठवतात. आजचा विषय मात्र बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे ‘बीड’ हा शब्द मला पुस्तकातून नाही, आजीच्या तव्यामुळे कळला! तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी पडलं की तो तडकतो, हे आजीला कुठल्याही थर्मोडायनॅमिक्सशिवाय माहीत असतं.

कारच्या इंजिनाला लागलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बहुधा बिडाचाच असतो. सगळ्या सिलेंडरमधला जळका वायू गोळा करून पुढे सायलेन्सरकडे पाठवायचा, हे त्याचं काम. पेट्रोल गाडी जोरात पळवली की हा वायू 800 अंश सेल्सिअसच्याही वर जातो. रोज तापणं, रोज निवणं... शेवटी एक दिवस तडा जातो. सकाळी गाडी चालू करताच टिक-टिक आवाज येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो, कारण धातू फुगून फट मिटते. मालकाला वाटतं, झालं बरं!

बरं काही होत नाही. त्या फटीतून कार्बन मोनॉक्साईड बाहेर येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. थंडीत काचा बंद करून साकोलीहून भंडाऱ्याला येणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत तो शिरला तर? शिवाय फटीतून आत खेचलेल्या हवेमुळे ऑक्सिजन सेन्सर फसतो, इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं आणि ॲव्हरेज पडतं ते वेगळंच.

आता माझा मुद्दा. अशा वेळी आपण शिकलेली माणसं मिस्त्रीला काय म्हणतो? “दोन टाके मार ना वेल्डिंगचे, भागून जाईल!” बिडाचं वेल्डिंग होतच नाही असं नाही. पण त्याला आधी तापवणं, निकेलची कांडी आणि नंतर हळूहळू निववणं लागतं. घाईत मारलेल्या टाक्याच्या शेजारीच पुन्हा तडा जातो. मग शिव्या मिस्त्रीला!

नवीन मॅनिफोल्ड बसवणं तरी सोपं आहे का? पार्ट दुकानात मिळतो. खरी परीक्षा जुना काढताना. गंजलेले स्टड आदल्या दिवशीच तेल सोडून भिजवावे लागतात. एखादा हेडमध्येच तुटला तर बरोबर मधोमध ड्रिल करून काढायचा, आणि हेड ॲल्युमिनियमचं असेल तर ड्रिल जरा सरकलं की संपलं. मग फेस सपाट आहे का ते सरळ पट्टी लावून बघायचं, नवीन पॅकिंग टाकायचं, आणि नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीने दिलेल्या टॉर्कला कसायचे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुना का तडकला ते शोधायचं. सायलेन्सरचा हँगर तुटून सगळं वजन मॅनिफोल्डवर येत असेल, तर नवीनही तडकणारच.

याला इंजिनियरिंग नाही तर काय म्हणायचं? आणि बिलात आपण घासाघीस नेमकी याच ओळीवर करतो! हायवेवरचे एक मिस्त्री काका मला म्हणाले होते, “बाबू, पार्टचे पैसे लोकं देते, हाताचे पैसे द्याले जीवावर येते.” टॉर्क पाना स्वस्त नसतो. तो मिस्त्रीकडे का नाही, याचं उत्तर आपल्याच खिशात आहे.

याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. तिथे नोकरी लागावी असं आपल्यातल्या कितीतरी जणांना वाटतं. पण फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब घासला की आपला आणि पान्याचा संबंध जवळजवळ संपतो. माझं तर म्हणणं आहे की वर्कशॉपमध्ये एक तडकलेला मॅनिफोल्ड आणून ठेवा, आणि गंजलेला स्टड काढायला शिकवायला एखाद्या मिस्त्रीलाच मानधन देऊन बोलवा. दोन तास पुरेत. पुढे गॅरेजमध्ये मजुरीचा आकडा ऐकून “इतके?” असं आपल्या तोंडून निघणार नाही.