अरुणावतीचे पाणी कोठे गेले?

भूगोलाच्या तासाला इंग्लंडच्या दक्षिणेकडील खडूच्या नद्यांविषयी ऐकले. पावसाचे पाणी तेथे सच्छिद्र खडकात मुरते व झऱ्यांवाटे नदीला वर्षभर मिळत राहते. म्हणून टेस्ट, इचेन या नद्या उन्हाळ्यातही नितळ वाहतात. तास सुटल्यावर अरुणावतीच्या पुलावर उभा राहिलो. खाली गोटे, वाळू आणि गावाचे सांडपाणी! आपल्याकडे खडू नाही, एवढेच का याचे कारण?

तसे नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा पाणी पिऊन घेणारा आहे. त्याच्या दक्षिणेस तापीपर्यंत गाळाची जमीन असून तिच्यात पिवळ्या मातीचे आणि वाळूचे थर आहेत. पिवळी माती पाण्याला अडविते, वाळू साठविते. मोटेच्या काळी हा साठा पुरत असे. पुढे विजेचे पंप आले, कूपनलिका आल्या, कापसाच्या जोडीला केळी व ऊस आला, आणि पातळी खाली गेली. विहीर माझी व नदी सरकारची असे आपण मानतो. पाणी तसे मानीत नाही. इंग्लंडातही अतिउपशाने खडूच्या काही नद्या आटल्याच आहेत.

२००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने येथील नाले रुंद व खोल केले, बंधारे घातले, कोरड्या विहिरींत पाणी सोडले. या ‘शिरपूर पॅटर्न’चा मला अभिमान आहे. परंतु खालचा खडक न पाहता जेथे तेथे नाले खोदणे म्हणजे त्याचे अनुकरण नव्हे. आणि येथेही आपण बंधारे मोजतो, उपसा मोजीत नाही. भूजलाचा कायदा २००९ चा. तो २०१४ साली अमलात आला. किती विहिरींवर त्याची सावली पडली आहे, हे प्रत्येकाने आपल्या शिवारात पाहावे.

आपल्याच जिल्ह्यात पांझरेवर शेकडो वर्षे फडपद्धती चालली. एका फडात एकच पीक, आणि पाणी पाटकरी देईल तेव्हा. बंधाऱ्याच्या पाण्याला जे जमले, ते जमिनीखालच्या पाण्याला का जमू नये? गावाने मिळून वर्षाचा पाऊस पाहावा आणि मग केळी किती लावायची ते ठरवावे.

हे मी घरी बोललो. वडील म्हणाले, “शेजारचा थांबणार आहे का? मग मीच का थांबू?” त्यांच्या या प्रश्नाला फडाशिवाय दुसरे उत्तर मला सुचले नाही. यंदाही आमच्याकडे केळीच आहे.